उघड्या रिळाची ३० मीटर फायबर टेप: तिरक्या प्लॉटला पुरेशी, पण शून्य तपासून घ्या

आयताकृती प्लॉटला कुठलीही टेप चालते. कस लागतो तो समलंब प्लॉटवर, जिथे दोन बाजू समांतर आणि एखादी हद्द तिरकी असते.

समजा समांतर बाजू ७० आणि ४० फूट, काटकोनातली बाजू ४० आणि तिरकी ५० फूट. परिमिती म्हणजे सरळ बेरीज, २०० फूट. तारकुंपणाला एवढं पुरतं. क्षेत्रफळाला ७० आणि ४० ची सरासरी ५५, गुणिले लंब अंतर ४०, म्हणजे २२०० चौ. फूट. बरेच जण समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्या गुणतात: ५५ × ४५ = २४७५. गुंठा १०८९ चौ. फुटांचा, म्हणजे इथे पाव गुंठा नुसता कागदावर वाढला! विकणाऱ्याला ही रीत आवडते यात नवल नाही.

दोन्ही कडा तिरक्या असल्या की हद्दीवर उंची सापडतच नाही, लंब काढावा लागतो. इथे ही टेप पैसे वसूल करते. मीटरची बाजू वर घ्या. समांतर बाजूंपैकी एकीवर दोरी ताणा. एकाने ० आणि १२ ची खूण एकत्र धरून त्या दोरीवर टेकवायची, दुसऱ्याने ३ ची खूण त्याच दोरीवर, तिसऱ्याने ७ ची खूण धरून टेप ताठ करायची. ३ पासून ७ कडे जाणारी रेघ हा लंब. तीच पुढे समोरच्या बाजूपर्यंत न्या. असं वळवलं तर स्टीलची टेप मुडपते, फायबरला काही होत नाही. लंब दोन ठिकाणी घ्या. अंतरं जुळली नाहीत तर बाजू समांतर नाहीत. मग कर्ण मोजून दोन त्रिकोण करा.

आता खोड्या. शून्य काही टेपांत कडीच्या टोकाला असतं, काहींत पट्टीवर, दुकानातच बघा. जोरात ओढली की फायबर ताणतं आणि माप कमी येतं. उतारावर टेप जमिनीलगत न टाकता आडवी, टप्प्याटप्प्याने धरा. फुटांच्या बाजूवरचे ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.५, ४०.६ नव्हे.

बंद डबीची घेऊ नका, चिखल आत जाऊन रीळ अडकतं. उघडं रीळ पाण्याखाली धरलं की साफ. हद्दीचा वाद असेल तर मात्र भूमी अभिलेखची मोजणीच लागेल.