हँडलची मोटार की सेल्फची?

गावात आलेल्या पहिल्या मोटारीच्या लहानपणीच्या आठवणी ऐकताना एक गोष्ट पटकन कळते: गाडी हँडलची होती (पुढचा दांडा हाताने फिरवून सुरू होणारी) की सेल्फची (कळ दाबून सुरू होणारी). हँडलची असेल तर आठवण लांबत जाते. ड्रायव्हर पुढे वाकून हँडल मारतोय, पोरं भोवती जमलीत, इंजिन जरा फुरफुरतं, बंद पडतं, पुन्हा तेच. हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, म्हणून पोरांना लांब हाकलत.

फोर्डची १९०८ ची मॉडेल टी अशीच. तिच्यात पेट्रोलला पंप नव्हता, ते टाकीतून आपोआप खाली उतरायचं. टाकीत कमी असलं की उभ्या चढावर ते इंजिनापर्यंत पोचत नसे, म्हणून चढ रिव्हर्समध्ये चढावा लागे. पाठमोरी टेकाड चढणारी मोटार कुठलं पोर विसरेल?

सेल्फ कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये दिला. मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला. कळ दाबली, गाडी निघाली. पोरांना बघायला उरली ती धूळ! चालवणाऱ्याला विचाराल तर अर्थात सेल्फच, त्यात वाद नाही. आठवणींपुरतं मात्र माझं मत हँडललाच.