जुनी जिप्सी, काळी माती आणि वर्षभराचा हिशेब

गाडी मारुती जिप्सी किंग, २००५ चं मॉडेल, कापडी हूडची, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली). इंदुरातली कामं आणि आठवड्यातून दोन-तीनदा शेतावर फेरी, असा वापर. वर्ष होत आलं. रोजच्या वापराला ही गाडी चांगली का, असं विचाराल तर नाही. विकणार का, असं विचाराल तर तेही नाही. या दोन नकारांच्या मधे जे आहे ते लिहिते.

शेत सिमरोलच्या पुढे आहे. खंडवा रोड सोडला की आत दीडेक किलोमीटर कच्चा रस्ता, आणि तो सगळा माळव्याच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की तीच माती फुगते, चपलेला धरते आणि सोडत नाही. सोयाबीनचे दिवस जून-अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे शेतावर जायची गरज आणि रस्ता बंद व्हायची वेळ एकच. आधीची छोटी मोटार हमरस्त्यावर सोडून मी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आत जायचे. नव्या गाड्याही बघून आले. २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी तर जिप्सीच्याच खानदानातली. एसी आहे, सहा एअरबॅग आहेत, आणि ट्रान्सफरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडणारा, वेगळा दांडा तिच्यातही ठेवलाय, हे विशेष. पण दोन्ही बाजूंनी बाभळी असलेल्या वाटेवरून नवीकोरी गाडी नेताना प्रत्येक फांदीला माझ्याच अंगावर ओरखडा आला असता. आणि किमतीतला फरक होताच.

जिप्सी मिळाली इंदूरशेजारच्या महू छावणीत, फौजेतून निवृत्त होऊन तिथेच राहिलेल्या एका मराठी काकांकडे. विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाची परीक्षा घेतलेली मी तिथे पाहिली. रात्री कुठे उभी करणार? वर शेड आहे का? हब कधी लॉक करायचे, ठाऊक आहे? मिस्त्री कोण तुमचा? दाखवायचा कार्यक्रमच, फक्त उलटा. पोहेसुद्धा होते, जीरावण मसाला घातलेले. किमतीचा विषय चहा संपल्यावर निघाला आणि दोन मिनिटांत मिटला. किल्लीबरोबर काकांनी एक दोनशे पानी वही दिली. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक बुश, प्रत्येक ऑइल सील, तारीख आणि किलोमीटरसकट, निळ्या शाईत. शेवटच्या पानावर सूचना होत्या. त्यातली एक अशी: "मागचा डावा ब्रेक-ड्रम पावसात ओरडतो. लक्ष देऊ नये." खरंच ओरडतो. मी लक्ष देत नाही.

जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसीचं छोटं इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९६ मध्ये १.३ लिटरची किंग आली, पाच गिअरची, आणि २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन १६ व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं एमपीएफआय इंजिन बसलं. माझी त्यातली. बाकी सांगाडा जवळजवळ तसाच राहिला: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना कमान पाटे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, त्या सुमारास ही शोरूममधून गेली. फौजेनं आणि पोलिसांनी ती अनेक वर्षं वापरली, आणि कान्हा-बांधवगडला गेलेल्या प्रत्येकानं तिच्या मागच्या बाकावर बसून वाघाची वाट पाहिली असेल. याचा आज आम्हाला फायदा असा, की पार्ट मिळतात आणि तिला ओळखणारे हात आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. महूसारखी छावणी शेजारी असल्यावर तर विचारायलाच नको.

आता फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. ज्यांनी फक्त बटणवाली पाहिली आहे त्यांच्यासाठी: पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हबवर एक गोल चकती असते, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक'. फ्रीवर असताना पुढची चाकं मोकळी फिरतात, आतला अ‍ॅक्सल, डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरत बसत नाही. त्यामुळे आवाज कमी, झीज कमी, थोडं पेट्रोलही वाचतं. चिखलाला लागायच्या आधी उतरायचं, वाकायचं आणि दोन्ही चकत्या हातानं फिरवायच्या. मग आत बसून छोटा दांडा फोर-हायवर (चारही चाकं, नेहमीचा वेग) किंवा गाडी उभी करून फोर-लोवर (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). डांबर सोडण्याआधीच लॉक करायचं, हा नियम. एकदा चिखलात रुतल्यावर ती चकती शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

फोर-लोमध्ये पहिल्या गिअरवर क्लच सोडला की ही गाडी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता चालू लागते. चालते म्हणजे अक्षरशः माणसाच्या चालीनं. काळ्या मातीत जोर करण्यात अर्थ नसतो. टायरच्या नक्षीत माती भरली की टायर गुळगुळीत होतो आणि जेवढं फिरवाल तेवढा खड्डा खोल होतो. थांबायचं नाही, घाई करायची नाही, स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवत टायरच्या कडांना ताजी जमीन द्यायची. इथे जिप्सीचा खरा गुण म्हणजे तिचं वजन. कापडी हूडची जिप्सी एक टनाच्या आत-बाहेर भरते. आमच्या बांधावर हिच्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या, पण दुप्पट जड गाड्या रुतलेल्या मी पाहिल्यात. ही वरून निघून जाते. मात्र डिफरन्शिअल साधे आहेत. तिरप्या नाल्यात एक पुढचं आणि एक मागचं चाक अधांतरी झालं, की तीच दोन चाकं हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन गप्प बसतात. तिथे ट्रॅक्टरवाल्या भाऊंना हाक मारायची, त्यात कमीपणा नाही.

परत डांबरावर आलं की दांडा लगेच टू-हायवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, आणायचा. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि या गाडीत तो फरक सोसायला मधे डिफरन्शिअल नाही. कोरड्या रस्त्यावर तसंच रेटलं तर स्टेअरिंग जड होतं, टायर घासतात, सगळा ताण आतल्या दातांवर येतो. दांडा अडला तर मीटरभर मागे घ्यायची, ताण सुटतो आणि तो निमूट येतो. हे मला काकांनी फोनवर शिकवलं.

पण खरी ओळख झाली थरथरीमुळे. साठ ओलांडलं आणि रस्त्याला एखादा सांधा लागला, की स्टेअरिंग असं थडथडायचं की हातातून सुटेल वाटावं. जिप्सीवाल्यांना हे दुखणं पाठ आहे. एका दुकानात टायर बॅलन्सिंग करून झालं. दुसऱ्या दुकानानं धक्के गिळणारा स्टेअरिंग डॅम्पर बसवायला सांगितलं, म्हणजे दुखणं तसंच ठेवून वरून पट्टी. शेवटी महू नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात वर, एक हात खाली धरून हलवलं आणि मला म्हणाले, "दीदी, आप पकड़ो. ऐसे." मी धरलं, हलवलं. टक्. अगदी बारीक, कानापेक्षा तळव्याला जास्त कळणारं. "किंगपिन," ते म्हणाले, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती. "बाकी सब बाद में."

मग दिवसभर मी तिथे लोखंडी स्टुलावर बसून होते. नकल, म्हणजे चाक वळवणारा भाग, उघडला तेव्हा आतलं ग्रीस पाण्यात मिसळून करडं पडलेलं, बेअरिंगवर गंजाचे ठिपके. चिखलपाणी आत जाऊ नये म्हणून नकलमधल्या गोळ्याभोवती नमद्याची चकती असते, तीच फाटलेली. नवी बेअरिंग बसवून त्यांनी वरच्या टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या एकेक करून घातल्या-काढल्या, आणि दर वेळी स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढून पाहिला. फार सैल नको, फार घट्ट नको. किती किलोवर हलतो, ते मला वाचायला सांगायचे. मधे कचोरी आली. संध्याकाळी बायपासला नेली तर साठ गेलं, सत्तर गेलं, स्टेअरिंग स्तब्ध.

नवऱ्याचं म्हणणं, दिवस फुकट घालवलास. असेल. पण त्या दिवसानंतर डाव्या पुढच्या चाकाच्या आत काय आहे, ते कुठून बिघडतं आणि आता कसं आहे, हे मला ठाऊक आहे. जुन्या फोर बाय फोरवर माणसांचा जीव का जडतो, याची उत्तरं बहुतेक आठवणींवर जातात: बाबांची जीप, लहानपणचे प्रवास वगैरे. माझ्याकडे त्यातलं काही नाही. आमच्या घरी स्कूटर होती. जिप्सी मी लोखंड म्हणून घेतली, तरी आज कुणी किंमत विचारली तर मला राग येतो. माझ्या मते कारण हे, की ही गाडी पूर्ण कळू शकते. बिघाड झाला तर तो दिसतो, हाताला लागतो, आणि दुरुस्त केला की आपल्यासमोर बरा होतो. नव्या गाडीत दिवा पेटतो, लॅपटॉप जोडतात, आख्खा भाग बदलून देतात आणि आपण काचेपलीकडे कॉफी घेत बसतो. ती पद्धत वाईट नाही, पण त्यात माझ्यासाठी काही उरत नाही.

दुसरं, ही एकटी येत नाही. काकांनी पहिल्या पावसाला फोन केला, "हब फिरवून पाहिलेस का? वर्षभर पडून राहिले तर धरतात." आता ते मला अगं-तुगं करतात. मिस्त्रींच्या नातीच्या लग्नाला आम्ही जाऊन आलो. गाडी विकली तर पैसे येतील, पण दुसऱ्या गाडीचे आवाज पुन्हा पहिल्यापासून शिकायचे.

तिसरं कारण जरा कमी देखणं आहे. हिच्यात इतका पैसा ओतलाय की मी आता निःपक्षपाती राहिलेले नाही. पाटे, बुश, क्लच प्लेट, रेडिएटर, चारही टायर. तेव्हा वरची स्तुती वाचताना थोडी कापून घ्या.

दोष भरपूर. शहरात लिटरला नऊ-दहा, बाहेर जेमतेम बारा. एसी नाही, आणि मे महिन्यातलं इंदूर तुम्हाला माहीत आहे. पॉवर स्टेअरिंग नाही. राजवाड्याच्या गर्दीत गाडी लावणं म्हणजे दंडाचा व्यायाम. रिकामी असताना पाटे इतके कडक, की माझ्या सासूबाई एकदा बसल्या, पुन्हा नाही. जोरदार पावसात काचेच्या वरच्या कडेतून उजव्या गुडघ्यावर थेंब पडतो, हूड दोनदा शिवून झालं. हे सगळं मी सहन करते. ब्रेक आणि सुरक्षितता मात्र गमतीचा विषय नाही. एबीएस नाही, एअरबॅग नाही, मागची बाकं आडवी आणि त्यांना पट्टे नाहीत. मुलांना मी मागे बसवून बायपासवर नेत नाही. शेताच्या वाटेवर बसतात, तेही दांडा धरून. जीव जडला म्हणून ही गोष्ट बदलत नाही.

कागदांचंही बघा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीची नूतनीकरण फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाली, जीएसटी वेगळा. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे हाल आहेत, तिथून कुणी "स्वस्तात" देत असेल तर ते का, हे त्यावरून ओळखा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलंय की जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गास्केट लवकर बदलावे लागू शकतात. मी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदम बदलून घेतले, खर्च किरकोळ होता. रुंद टायर, उंच पाटे यांचा मोह झाला तर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा: कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालत नाहीत. तपासणीच्या दिवशी हेच आडवं येतं.

घ्यायची असेल तर टॉर्च आणि जुनी चादर घेऊन जा. रंग बघू नका, खाली झोपा. चासीवर बॉडी टेकते त्या जागा, मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळची (पाटा टांगणाऱ्या कडीजवळची) चासी आणि पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहा. नकलमधून तेल-ग्रीस गळतंय का ते बघा. दोन्ही हब हातानं फिरले पाहिजेत, पक्कडीनं नव्हे. फोर-लोमध्ये उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहा, दांडा उडी मारून बाहेर आला तर ट्रान्सफर उघडावा लागणार. चासी नंबर कागदाशी जुळवा, विशेषतः गाडी लिलावातली असेल तर. आणि मालकानं तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, तर दुसरी गाडी बघा.