एफ-वन २०२५चा सीझन पास: सुट्या रेस घेऊ नका, घ्यायचं तर अख्खं वर्ष घ्या

मार्च आला की ग्रुपवर एकच प्रश्न, एफ-वन (फॉर्म्युला वन कार रेस) बघायचंय तर एकेका रेसचे पैसे भरायचे की पूर्ण सीझनचा पास काढायचा. आणि दरवेळी कुणीतरी शहाणा सांगणार, मोनॅको, सिल्व्हरस्टोन, मोंझा एवढ्या तीन घे रे, बाकीचे हायलाइट्स फुकटात दिसतातच. २०२५चं वर्ष मार्च ते डिसेंबर बघून झाल्यावर माझं मत असं की हा सल्ला एकदम फालतू आहे. कुठली रेस भारी निघणार हे आधी कुणालाच कळत नाही, आणि बघताना जी रेस नुसती जांभया देते तीच नेमकी डिसेंबरमध्ये हिशोबात वर येते. ते कसं ते पुढे सांगतो.

आधी पैशात काय मिळतं ते. २४ रेस, १६ मार्चला मेलबर्नपासून ७ डिसेंबरला अबूधाबीपर्यंत. त्यातल्या सहा ठिकाणी शनिवारी छोटी स्प्रिंट रेस पण, म्हणजे शांघाय, मायामी, स्पा, ऑस्टिन, साओ पाउलो आणि कतार. शिवाय प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग, म्हणजे कोण कितव्या नंबरावरून सुरू करणार ते ठरवणारं. १० टीम, प्रत्येकीच्या दोन गाड्या. पहिल्याला २५ पॉइंट, मग १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि दहाव्याला १. स्प्रिंटमध्ये पहिल्याला ८ आणि आठव्याला १. सगळ्यात फास्ट लॅपला जो एक एक्स्ट्रा पॉइंट मिळायचा तो २०२५पासून बंद केला. आकडे लक्षात असू द्या, कामाला येतात.

आता आपल्याकडच्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वेळ. बाहेरचे रिव्ह्यू याबद्दल काही बोलत नाहीत कारण त्यांना प्रॉब्लेमच नाही. आपल्याकडे मेलबर्न सकाळी साडेनऊला, सुझुका साडेदहाला, शांघाय दुपारी साडेबाराला, म्हणजे रविवारचं पोहे-चहा आणि रेस, याच्यापेक्षा सुख नाही. युरोपातल्या बहुतेक रेस संध्याकाळी साडेसहाला, सिल्व्हरस्टोन साडेसातला, बाकू साडेचारला, सिंगापूर साडेपाचला. हे सगळं मस्त बसतं, फक्त मे महिन्यात आयपीएल चालू असतं आणि घरातला टीव्ही तुमच्या ताब्यात नसतो, तेव्हा मोबाइलवर बघायची तयारी ठेवा. बहारीन रात्री साडेआठ, जेद्दा साडेदहा, कॅनडा साडेअकरा. मग येतात डोक्याला शॉट देणाऱ्या, मायामी आणि मेक्सिको रात्री दीड वाजता. मात्र लास व्हेगासची रेस तिकडे शनिवारी रात्री असते म्हणून आपल्याला रविवारी सकाळी साडेनऊला दिसते, हा एक अनपेक्षित फायदा.

या वर्षी आपल्या सणांनी पण चांगलीच परीक्षा घेतली. झांडवूर्ट ३१ ऑगस्टला, त्याच दिवशी गौरी आल्या, त्यामुळे ज्यांच्या घरी गौरी त्यांनी ती रेस नीट बघितली असेल तर त्यांना माझा दंडवत. ऑस्टिन तर कहर, रेस सुरू रविवारी रात्री साडेबाराला म्हणजे २० ऑक्टोबरला, आणि तीच पहाट नरक चतुर्दशीची. दोन-सव्वादोनला रेड बुलचा वर्स्टापेन जिंकताना बघून झोपायचं आणि लगेच उटणं लावायला उठायचं. ज्याने ठरवलं की झोपायचंच नाही त्याचंच बरं झालं असणार.

टीम आणि ड्रायव्हर्सबद्दल सांगायचं तर मॅकलरेनची गाडी सगळ्यात वेगवान होती यात वादच नाही. लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्त्री दोघांनी सात-सात रेस जिंकल्या, आणि टीमचं टायटल तर त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिंगापूरलाच खिशात टाकलं. रेड बुलकडे मॅक्स वर्स्टापेन, आणि खरं सांगायचं तर रेड बुलकडे फक्त वर्स्टापेनच. दुसऱ्या सीटवर लियाम लॉसनला बसवला, दोन रेसमध्ये काढला, जपानच्या आधी त्सुनोदाला आणला, तरी फरक शून्य. जुलैमध्ये टीमचा बॉस ख्रिश्चन हॉर्नरलाच काढलं आणि लॉरां मेकीज आला. मर्सिडीजमध्ये जॉर्ज रसेलने कॅनडा आणि सिंगापूर मारलं, आणि त्याच्या शेजारी किमी आंतोनेल्ली, जो मेलबर्नला उतरला तेव्हा अठरा वर्षांचा होता. कॅनडात तिसरा, ब्राझीलमध्ये दुसरा आला पोरगा.

फेरारीचं काय लिहू. सात वेळचा चॅम्पियन लुइस हॅमिल्टन लाल ओव्हरऑल घालून आला, शांघायला स्प्रिंट जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी मेन रेसनंतर फेरारीच्या दोन्ही गाड्या बाद, त्याच्या गाडीखालची फळी नियमापेक्षा जास्त घासलेली आणि लेक्लेरची गाडी वजनात कमी. पुढे वर्षभर हॅमिल्टनला मेन रेसमध्ये एकही पोडियम (पहिल्या तिनांत नंबर) नाही, त्याच्या सगळ्या करिअरमध्ये असं कधी झालं नव्हतं. फेरारीने अख्ख्या वर्षात एकही ग्रां प्री, म्हणजे मेन रेस, जिंकली नाही, टीमच्या टेबलात चौथा नंबर. फेरारीवाल्यांनो, तुमच्या सहनशक्तीला सलाम, मी या भानगडीत पडत नाही.

पण खरा माल मागच्या रांगेत आहे, आणि तीन रेस घेणारा तिथेच फसतो. हुल्केनबर्ग बघा. इतकी वर्षं चांगला ड्रायव्हर म्हणून नाव, पण पोडियम कधीच नाही. आणि सिल्व्हरस्टोनच्या पावसात सॉबरसारख्या कमजोर टीमची गाडी घेऊन एकोणिसाव्या नंबरावरून सुरू करून तिसरा, आपल्या २३९व्या रेसमध्ये! आता कुणी म्हणेल सिल्व्हरस्टोन तर त्या तिनांत होतीच की. होती, पण ज्याने त्याच्या आधीच्या रेस बघितल्याच नाहीत त्याला त्यात डोळ्यात पाणी येण्यासारखं काय आहे ते कळणार कसं. तसाच इझाक हाजार. मेलबर्नला पहिल्याच रेसमध्ये फॉर्मेशन लॅपलाच (रेसआधीची तयारीची फेरी) गाडी ठोकली, रेस सुरू पण झाली नव्हती, रडत परत येत होता तर हॅमिल्टनच्या वडिलांनी त्याला जवळ घेतलं. तोच पोरगा झांडवूर्टला तिसरा. वर पोडियमनंतर हातातली ट्रॉफीच मोडली. विल्यम्समध्ये कार्लोस साइन्झ बाकू आणि कतार दोन्हीकडे तिसरा, आणि विल्यम्स टीम पाचवी, जी काही वर्षांपूर्वी तळाला असायची. तळाला यावेळी आल्पीन, त्यांनी डूहानला सहा रेसनंतर बाहेर बसवून कोलापिंतोला आणला आणि हाती काही लागलं नाही, पुढे चला.

आता तो हिशोब. झांडवूर्टनंतर पियास्त्री सगळ्यात पुढे, नॉरिस त्याच्या ३४ पॉइंट मागे कारण नॉरिसची गाडी धूर सोडत बंद पडली, आणि वर्स्टापेन तब्बल १०४ मागे. त्या दिवशी सगळे म्हणाले संपलं, आता मॅकलरेनच्या दोघांत काय ते. मग उरलेल्या नऊ रेसमध्ये वर्स्टापेन एकदाही पोडियमच्या बाहेर गेला नाही, त्यातल्या सहा जिंकल्या, ब्राझीलला तर पिट लेनमधून (टायर बदलायची बाजूची गल्ली), म्हणजे सगळ्यांच्या मागून सुरू करून तिसरा आला. आणि पियास्त्री, ज्याला सगळे बर्फ म्हणायचे, बाकूला पहिल्याच लॅपमध्ये भिंतीत गेला आणि त्यानंतर वर्षभरात मेन रेस एकही जिंकला नाही.

व्हेगासला मॅकलरेनच्या दोन्ही गाड्या रेसनंतर बाद, पुन्हा तीच खालची फळी, नॉरिसचा दुसरा आणि पियास्त्रीचा चौथा नंबर गेला. कतारला सातव्या लॅपला सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, तेव्हा टायर बदलले की वेळ कमी जातो) आली, एका टायर सेटवर २५ लॅपची मर्यादा असल्यामुळे सगळे धडाधड पिटमध्ये, आणि मॅकलरेनने दोघांनाही बाहेर ठेवलं. का? अजून कळलेलं नाही मला. वर्स्टापेनने रेस घेतली. त्यामुळे अबूधाबीला जाताना नॉरिस ४०८, वर्स्टापेन ३९६, पियास्त्री ३९२. वर्स्टापेन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस तिसरा. फायनल नॉरिस ४२३, वर्स्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. नॉरिस दोन पॉइंटांनी चॅम्पियन, पहिल्यांदा.

दोन पॉइंट! आता मागे जा. मोंझा, ७ सप्टेंबर, वर्स्टापेन आरामात पुढे, रेस म्हणून तशी सपाट. नॉरिसचा पिट स्टॉप लांबला, पियास्त्री पुढे गेला, टीमने रेडिओवर सांगितलं की नॉरिसला पुढे जाऊ दे, आणि पियास्त्रीने गपचूप रस्ता दिला. नॉरिस तिसऱ्याचा दुसरा झाला, १५चे १८. हे तीन पॉइंट काढा, नॉरिस ४२०, वर्स्टापेन ४२१. आणखी मागे, बार्सिलोना, वर्स्टापेन चिडून रसेलवर गाडी घालतो, दहा सेकंदांची पेनल्टी, पाचवा आलेला दहावा होतो, १०चा १ पॉइंट. नऊ पॉइंट एका रागापायी गेले. ते असते तर पाचवं टायटल त्याचंच. बार्सिलोनाची रेस सुट्या पासवर कोण घेतो? कुणीच नाही. म्हणून म्हणतो.

कंटाळा पण लिहितो, नाहीतर जाहिरात वाटेल. सुझुकाला वर्स्टापेनने नॉरिसपेक्षा ०.०१२ सेकंदांनी पोल (पहिल्या जागेवरून सुरुवात) घेतला ती शनिवारची लॅप बघून अंगावर काटा येतो, आणि रविवारी पहिले सहा जण जसे उभे होते तसेच पोचले. मोनॅकोला यावेळी दोन पिट स्टॉप सक्तीचे केले म्हणे रेस मजेदार व्हावी म्हणून, तर टीम्सनी एक गाडी मुद्दाम हळू चालवून दुसरीला गॅप काढून दिला. जगातला सगळ्यात श्रीमंत ट्रॅफिक जाम. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा मोनॅकोचा कापला.

स्ट्रीमिंगबद्दल थोडं. अ‍ॅपचं नाव घेत नाही, कारण हे कमी-जास्त सगळीकडेच असतं. लाइव्ह म्हणतात ते लाइव्ह नसतं, मागे असतं, त्यामुळे इकडे सेफ्टी कार दिसायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राचा मेसेज येतो "गेला रे पियास्त्री". रेसच्या वेळी नोटिफिकेशन बंद, हा नियम पाळा. रात्री दीडच्या रेस सकाळी रीप्ले बघणार असाल तर अ‍ॅप उघडताना पहिल्याच पानावर विजेत्याचा फोटो दिसू शकतो, डोळे मिटून रीप्लेवर बोट ठेवायची प्रॅक्टिस करा. कॉमेंट्री इंग्लिशमध्ये ऐकायची सवय आहे म्हणून चालतं, पण एखाद्या शर्यतीच्या घाटावर माइक धरलेल्या आपल्या निवेदकाला टांबुरेल्लोच्या वळणावर वर्स्टापेनने बाहेरून पियास्त्रीला काढला तो क्षण बोलायला दिला असता तर काय आवाज लागला असता! इमोलाची ती मूव्ह निव्वळ नाद खुळा होती.

घ्यावा कुणी? ज्याला रविवारची संध्याकाळ मोकळी मिळते आणि टेबल बघत बसायची खोड आहे त्याने डोळे झाकून. ज्याला फक्त अपघात आणि फटाके बघायचेत त्याला हायलाइट्स पुरे. अगदी नवीन असाल तर घरात अजून एक जण पटवा, एकट्याने पहिल्या चार-पाच रेस जड जातात, दुसरा असला की तू नॉरिसचा मी मॅक्सचा असं भांडायला मिळतं.

२०२६ला गाड्यांचे नियमच बदलतायत, पंख सरळ रस्त्यावर हलणार, जवळजवळ अर्धी ताकद बॅटरीची. कॅडिलॅक अकरावी टीम म्हणून येतेय पेरेझ आणि बोटासला घेऊन, सॉबरची ऑडी होतेय, हाजारला थेट वर्स्टापेनच्या शेजारी बसवलाय (देव त्याचं भलं करो), आणि रेसिंग बुल्समध्ये अर्विड लिंडब्लाड, ज्याची आई भारतीय वंशाची, म्हणजे आपल्याकडे एकदा पॉइंट आले की चॅनेलवाले त्याला लगेच आपला करून टाकणार. इमोला कॅलेंडरमधून गेलं, माद्रिद आलं. कुठली टीम पुढे असेल हे आत्ता कुणीही छातीठोक सांगत असेल तर तो फेकतोय. पहिली रेस मेलबर्नला ८ मार्चला, सकाळी साडेनऊ. क्वालिफाइंग आदल्या दिवशी शनिवारी, ते चुकवू नका, नव्या गाड्यांमध्ये कोण खरंच फास्ट आहे ते तिथेच पहिल्यांदा उघडं पडेल.