यूएस रोबोटिक्स ५६३७: लॅपटॉपसाठी बाहेरून जोडायचा डायल-अप मोडेम

लॅपटॉपला डायल-अप मोडेम (टेलिफोन लाइनवरून इंटरनेट जोडणारं उपकरण) हवाच असेल, तर यूएस रोबोटिक्सचा यूएसबी ५६३७ डोळे झाकून घ्यावा. कंट्रोलर, म्हणजे मोडेमचं काम सांभाळणारी चिप, मोडेमच्या आतच असल्याने प्रोसेसरवर भार येत नाही, लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, वीजही यूएसबीतूनच मिळते. स्वस्तातले सॉफ्टमोडेम (हेच काम संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेणारे मोडेम) इथेच मार खातात: नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर निघाला नाही की खेळ खल्लास.

५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) हा आकडा फक्त डाउनलोडचा, अपलोड ४८ केच्या वर जात नाही. हॉटेलच्या ईपीएबीएक्समागे (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमागे) सिग्नलचं अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर आणखी एकदा झालं, तर वेग ३३.६ के वरच अडकतो. तिथला डायल टोन मोडेम ओळखत नसेल, तर नंबर फिरवण्याआधी एटीएक्स३ (ATX3) ही आज्ञा द्या, म्हणजे मोडेम डायल टोनची वाट पाहत नाही. डिजिटल एक्स्टेन्शनच्या (ईपीएबीएक्सच्या खास डिजिटल फोनसाठीच्या लाइनच्या) सॉकेटला मात्र वायर अजिबात लावू नका, मोडेम जळू शकतो. त्यापेक्षा फॅक्स मशीनची लाइन मागून घ्या.