ओपनप्रिस्क्रायबिंग: आमच्या सर्जरीच्या गोळ्या मोजण्यातले आठ महिने

इंग्लंडमध्ये 'सर्जरी' म्हणजे जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. इथे नवीन असताना 'उद्या सर्जरीला जायचंय' असं फोनवर म्हणालो आणि तिकडे आईच्या पोटात गोळा आला.

तर या सर्जरीत दर महिन्याला कोणती औषधं किती लिहिली गेली आणि एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, ती कितीला पडली, हे ओपनप्रिस्क्रायबिंग या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या बेनेट इन्स्टिट्यूटचं हे काम. आकडे सरकारी, साधारण दोन महिने जुने. रुग्णांची नावं किंवा आजार यात नसतात. सर्जरीचं नाव टाकलं की आलेख येतो: आपली रेष, आणि मागे तुटक रेषांमध्ये बाकीचा इंग्लंड.

मी बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन घेतो. साहजिकच आधी तीच दोन शोधली. दर हजार रुग्णांमागे आमच्या सर्जरीचे 'आयटम' मधल्या रेषेच्या चांगलेच वर! 'उधळे आहेत लेकाचे' असं मी घरात जाहीर करून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात चूक कळली, माझीच. आयटम म्हणजे चिठ्ठीवरचं एक औषध. मग गोळ्या २८ असोत की ५६, मोजणी एकच. आमच्याकडे २८ दिवसांचंच लिहायची पद्धत, त्यामुळे तेवढ्याच गोळ्यांना दुप्पट आयटम दिसतात. खर्चाचा आलेख उघडला तर रेष निमूटपणे मध्यावर. आयटमवरून कुणी आपल्या डॉक्टरला नावं ठेवत असेल, तर थांबा.

खरी गंमत मात्र माझ्या खिशात होती. इंग्लंडमध्ये मे २०२४पासून दर आयटमला ९.९० पौंड द्यावे लागतात, औषध कितीही स्वस्त असो. ॲम्लोडिपिनच्या २८ गोळ्यांची किंमत पौंडाच्या आसपास. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना ही फी माफ असते, साठीनंतर सगळ्यांनाच. नुसत्या बीपीवाल्याला नाही. दोन औषधं, वर्षाला तेरा खेपा: २५७.४० पौंड. वर्षभराची फी एकदमच भरायचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट, आयटम कितीही असोत, ११४.५० पौंडांना मिळतं, आणि मी दोन वर्षं सुटे पैसे भरत होतो.

प्रतिजैविकांचा आलेख मला जास्त विश्वासाचा वाटला. को-ॲमॉक्सिक्लाव्ह, सेफॅलोस्पोरिन, क्विनोलोन या जपून वापरायच्या औषधांचं एकूण प्रतिजैविकांतलं प्रमाण तिथे दिसतं, त्यामुळे २८-५६चा घोळ फारसा आड येत नाही. आमची रेष खाली होती. डॉक्टरांवरचा माझा रागही जरा खाली आला.

खर्चाची रेष चढली म्हणजे डॉक्टर बदलले असंही नाही. लायोथायरोनिन या थायरॉइडच्या गोळ्यांच्या एका पाकिटाला एनएचएस २००९मध्ये सुमारे २० पौंड देत होती, २०१७मध्ये २४८. गोळी तीच. भाव उत्पादकाने चढवला होता. २०२१मध्ये स्पर्धा नियामकाने त्याबद्दल दंडही ठोकला.

बाकी, रुग्णालयात दिलेली औषधं या आलेखांत नाहीत. चिठ्ठी लिहिली पण फार्मसीतून गोळ्या उचलल्याच नाहीत, तर तीही नाही. सर्जरीला जोडून वृद्धाश्रम असेल तर खर्च फुगणारच; ते ज्याचं त्याने ओळखायचं.

मागच्या महिन्यात सर्जरीतल्या फार्मासिस्टबाईंना सरळ विचारलं, 'माझं बीपी दोन वर्षं स्थिर आहे, ५६ दिवसांचं लिहाल का?' त्यांनी नोंदी पाहिल्या आणि दोन मिनिटांत बदल केला. आता वर्षाचे आयटम तेरा, म्हणजे १२८.७० पौंड. सर्टिफिकेट अजूनही चौदा पौंडांनी स्वस्त, आणि मध्ये एखादा खोकला झाला तर त्याची चिठ्ठीही त्यातच.