सोलापुरात सोलर बंब : उन्हाआधी पाण्याचा हिशोब

जुळे सोलापुरातील आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर गेल्या वर्षी २०० लिटर क्षमतेचा, काचनळ्यांचा सोलर बंब बसवून घेतला. घरात पाच माणसे असून हिवाळ्यात सगळ्यांच्या अंघोळी सलग झाल्या तरी शेवटच्याला गार पाणी घेण्याची वेळ येत नाही, त्यामुळे तापवण्याच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. सोलापूरच्या उन्हात हे अपेक्षितच होते. येथे बंबाचा खरा कस लागतो तो पाण्यापाशी.

शहराला नळाचे पाणी रोज मिळत नाही आणि मधल्या दिवसांत बोअरच्या जड पाण्यावर भागवावे लागते. बंबाच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सपाट पत्र्याच्या संचात, तांब्याच्या बारीक नळ्यांत या पाण्याचे क्षार साचून त्या चोंदतात, तर काचनळ्या रुंद असल्याने त्या सोडवून धुता येतात, म्हणून आम्ही काचनळ्यांची निवड केली. मात्र काचेला दुसरे भय आहे. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन नळ्या कोरड्या पडल्या आणि भर दुपारी त्यांत गार पाणी शिरले, तर तापलेली काच तडकू शकते. म्हणून अशा वेळी बंब पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरावा. पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या शहरात ही सूचना विक्रेत्याने आपणहून द्यायला हवी होती. आम्हाला ती बसवणाऱ्या कारागिराकडून, तीही विचारल्यावर, मिळाली.

त्या कारागिराचे काम मात्र नेटके होते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, या तत्त्वावर बंब पंपाविना चालतो, पण त्यात गार पाणी उतारानेच यायचे असल्याने गच्चीवरची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते. त्यासाठी लागणारा लोखंडी स्टँड विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात नव्हता आणि तो खर्च आयत्या वेळी वाढला. नळ्यांचे तोंड दक्षिणेला ठेवून, हवा बाहेर जाण्याची उभी नळी न विसरता, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरून त्यावर उष्णतारोधक आवरण चढवले आहे. तरीही गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंतच्या पाइपात अडीच-तीन लिटर पाणी थंड होऊन राहते, ते आम्ही आधी बादलीत काढून भांड्यांसाठी वापरतो.

२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ८ युनिट वीज लागते, यावरून गिझरच्या तुलनेतील बचतीचा अंदाज येईल. अर्थात रोज तेवढे गरम पाणी वापरले जात असेल तरच. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेला की गच्चीवरच्या टाकीतले साधे पाणीच चटका देते, तेव्हा निम्म्या नळ्या झाकून ठेवाव्यात. त्या कामाला जुनी सोलापुरी चादर पुरते. पावसाळ्यात सलग ढग असले की बंबाच्या टाकीतील विजेचा हीटर सुरू करावा लागतो.

चौकशीच्या वेळी काही विक्रेते सरकारी अनुदानाचे आमिष दाखवतात, परंतु पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान छतावरच्या वीजनिर्मिती संचासाठी आहे, पाणी तापवण्याच्या बंबासाठी नाही. किंमत ठरवताना ते वजा धरू नये, आणि स्टँड, पाइप व मजुरी धरून लेखी अंदाज घ्यावा.