गॅलप क्यू-12: प्रश्न नेमके, पण अहवाल जपून वाचा

लोकांचं मन कामात किती आहे हे मोजण्यासाठी एचआरमध्ये जी तयार सर्वेक्षणं वापरतात, त्यात गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचं क्यू-12 सगळ्यांत सुटसुटीत. बारा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, झालं.

त्याची खरी ताकद काही विधानांना घातलेल्या मुदतीत आहे. कौतुक झालं का, हे गेल्या 7 दिवसांपुरतं विचारलंय. प्रगतीबद्दल कोणी बोललं का, हे गेल्या 6 महिन्यांपुरतं. मोघम विचारलं की लोक साहेबांचा स्वभाव आठवून गुण देतात. सात दिवस म्हटल्यावर या आठवड्यात काय घडलं तेच आठवावं लागतं. पहिलं विधान आहे कामात आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते माहीत असण्याबद्दल. तिथेच गुण पडले असतील तर उरलेली अकरा बाजूला ठेवा आणि आधी कोणाचं काम काय, ते ठरवा.

पगाराबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे माणसं पैशासाठी सोडून जात असतील तर ते इथे थेट दिसणार नाही. त्यासाठी राजीनामा देणाऱ्यांशी वेगळं बोलावं लागेल.

एक विधान मात्र गोंधळाचं आहे. साहेब 'किंवा कामावरचं कोणीतरी' आपली माणूस म्हणून काळजी करतं का, असं ते विचारतं. 4 गुण मिळाले, तर ते साहेबांचे की शेजारी बसणाऱ्याचे? कळायला मार्ग नाही.

छोट्या टीमची सरासरी तर फारच फसवी. सहा जणांत एकाने 5 वरून 1 वर उडी मारली की त्या विधानाची सरासरी 0.67 ने घसरते आणि वरच्या बैठकीत 'टीम खचली' म्हणून चर्चा सुरू होते. सरासरीसोबत कोणते गुण किती जणांनी दिले, तेही मागून घ्या.

नाव गुप्त राहण्याचंही तसंच. पाचपेक्षा कमी लोकांचा अहवाल द्यायचा नाही, अशी अट घातली तरी पळवाट उरते. नऊ जणांच्या विभागाचा एक आकडा आणि त्यातल्याच सहा जणांच्या टीमचा दुसरा हाती आला, की उरलेल्या तिघांची सरासरी साध्या वजाबाकीने निघते. लोकांना हे बरोबर कळतं, आणि पुढच्या वेळी सगळीकडे 4 भरून ते मोकळे होतात. गुण टीमप्रमुखाच्या बोनसला जोडले तर विचारूच नका. 'पाचच द्या हं' असा निरोप फिरायला वेळ लागत नाही.

अहवाल आल्यावर दोन आठवड्यांच्या आत प्रमुखाने टीमसोबत तासभर बसावं. दोनच विधानं निवडावीत आणि एवढंच विचारावं: इथे 5 द्यायला काय घडायला हवं? जे ठरेल त्यापुढे नाव आणि तारीख लिहावी. एवढा तास काढायची प्रमुखांची तयारी नसेल, तर हे सर्वेक्षण विकत घेऊ नका. वीस-पंचवीस माणसांच्या संस्थेनेही घेऊ नये. तिथे प्रत्येकाशी अर्धा तास बोलणं स्वस्त पडतं आणि जास्त कळतं.